चार-पाच महिने गाडी घरच्या गॅरेजमध्ये उभी ठेवायची आहे: हिवाळ्याआधी काय काय करावं?

पाचवा गिअर

नमस्कार मंडळी. बर्फ पडायच्या आत एक गाडी गॅरेजमध्ये लावायची आहे. रस्त्यांवरचं मीठ पावसाने धुऊन गेलं की मगच ती बाहेर काढायची, म्हणजे चार-पाच महिने ती जागची हलणार नाही. पेट्रोल इंजिन, फ्युएल इंजेक्शन, मॅन्युअल गिअरबॉक्स, पुढे डिस्क, मागे ड्रम, केबलचा हँडब्रेक. टायर उन्हाळी आहेत. बॅटरी साधी लेड-ॲसिड, ६० अँपिअर-अवरची.

गॅरेज घराला लागून आहे, पण त्यात हीटर नाही. कडाक्याच्या थंडीत आत उणे १० अंशांपर्यंत तापमान उतरतं. जमीन काँक्रीटची, विजेचं सॉकेट हाताशी. शेजारच्या जागेत रोजच्या वापरातली गाडी लागते आणि ती बर्फ-मीठ घेऊनच आत येते.

सल्ले भरपूर मिळतात, पण एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. टाकी भरून ठेवायची की रिकामी? बॅटरी काढून घरात न्यायची की चार्जर लावून गाडीतच राहू द्यायची? मधूनमधून इंजिन चालू करावं का? चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवावी का? आणि उंदरांचा बंदोबस्त कसा करायचा? प्रत्येक गोष्टीमागचं कारणही सांगा, म्हणजे काय टाळलं तर चालेल ते मला ठरवता येईल.

दहा नंबरचा पाना

उभ्या गाडीचं नुकसान थंडीने फारसं होत नाही, ओलीने होतं. पेट्रोलमध्ये, ऑइलमध्ये, सायलेन्सरमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये आणि पत्र्याच्या सांध्यांत पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं हे डोळ्यांसमोर ठेवलंत, तर तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात.

क्रम असा ठेवा: आधी गाडी धुणं, मग पेट्रोल, मग ऑइल, मग एक नीट फेरी, आणि त्यानंतरच गाडी जागेवर. बरेच जण शेवटी गाडी धुतात आणि ओलीच आत लावतात. पाणी मग उंबरठ्याच्या पोकळीत आणि ड्रममध्ये महिनोन्‌महिने बसून राहतं.

धुताना वरच्या चकाकीपेक्षा खालच्या बाजूला जास्त वेळ द्या. चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, दारांखालचे उंबरठे, पुढच्या सस्पेन्शनच्या मागचा भाग या ठिकाणी चिखल आणि मीठ मिळून एक थर बसतो आणि तो थर ओल धरून ठेवतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. दार उघडून खालून हात फिरवलात की सापडतील. एखादा प्लास्टिकचा केबल टाय आत सारून ती मोकळी करा. लोखंडी तार घालू नका, आतला रंग खरवडला जातो. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी साठलेली पानंही काढा. ती कुजून पाण्याची वाट बुजवतात आणि पाणी थेट आत पायाशी उतरतं.

पेट्रोलची टाकी भरलेलीच ठेवा. रिकाम्या टाकीत हवा जास्त, आणि तापमान वर-खाली झालं की त्या हवेतली वाफ टाकीच्या भिंतींवर पाणी होऊन जमते. हल्लीच्या टाक्या बऱ्यापैकी बंद असतात, त्यामुळे पूर्वीइतकं पाणी धरत नाही, पण पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर थोडंही पाणी जड जातं. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल नेहमीच्या तापमानाला साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं, थंडीत त्याहून कमी. ती मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि पंप पेट्रोल उचलतो तो नेमका तळातून. मात्र टाकी गळ्यापर्यंत भरू नका. पंपावरची नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबा. त्यापुढे कोंबलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि तो डबा बाद होतो.

फ्युएल स्टॅबिलायझर घ्या. प्रमाण त्या बाटलीवर लिहिलेलं असतं, ते पाळा. आधी ते टाकीत ओता आणि मग पेट्रोल भरा, म्हणजे नीट मिसळतं. त्यानंतर १५-२० किलोमीटर गाडी चालवा. नाहीतर टाकीत औषध मिसळलेलं पेट्रोल आणि इंजेक्टरमध्ये जुनंच, असं होतं. स्टॅबिलायझर पेट्रोल जुनं होण्याची गती कमी करतो, खाली बसलेलं पाणी वर आणत नाही.

ऑइल आणि फिल्टर लावून ठेवायच्या आधी बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं, पाणी आणि थोडं पेट्रोल असतं, आणि बेअरिंगच्या मऊ धातूला पाच महिने त्यात भिजत ठेवण्यात अर्थ नाही. इंजिन गरम असताना ऑइल सोडा, नवं भरल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन फिरू द्या. सध्याचं ऑइल हजारेक किलोमीटरच चाललं असेल आणि तेही लांबच्या रस्त्यावर, तर हे काम टाळलं तरी चालेल. छोट्या छोट्या फेऱ्यांवर चाललेलं ऑइल मात्र किलोमीटर कमी असले तरी बदलाच. बाहेर काढताना पुन्हा बदलायची गरज नाही.

कूलंट नुसता रंग बघून ठरवू नका. रेफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले की गोठणबिंदू सरळ वाचता येतो. इथिलीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या पट्ट्या वेगळ्या असतात, योग्य पट्टी वाचा. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी या मिश्रणाला साधारण उणे ३७ अंशांपर्यंत भीती नाही. 'जास्त घातलं की जास्त चांगलं' हे इथे लागू पडत नाही, कारण निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. उन्हाळ्यात कोणी नुसतं पाणी भरलं असेल तर हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा तातडीचा: पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढून न गोठणारं द्रव भरा, आणि ते नळीतून पार काचेवर येईपर्यंत फवारा मारा.

व्होल्टमीटर

बॅटरीबद्दल मी लिहितो.

गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ आणि कॉम्प्युटर थोडा करंट खात असतात. २० ते ५० मिलीअँपिअर हे नेहमीचं प्रमाण. ५० धरलं तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे तुमची ६० ची बॅटरी २५ दिवसांत निम्म्यावर. पाच महिन्यांचा हिशोब मांडायलाच नको. उतरलेल्या बॅटरीवर दोन संकटं येतात. प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि क्षमता कायमची जाते. दुसरं, पूर्ण चार्ज बॅटरीतलं ॲसिड उणे ५० अंशांपर्यंत गोठत नाही, पण पार उतरलेल्या बॅटरीत ते बरंचसं पाणीच असतं आणि उणे ७-८ लाच गोठतं. तुमच्या गॅरेजमध्ये उणे १० होतं, तेव्हा रिकामी बॅटरी फुटू शकते.

सॉकेट आहे, तेव्हा बॅटरी गाडीतच ठेवा आणि मेंटेनर लावा. मेंटेनर आणि जुना साधा चार्जर यांत गल्लत करू नका. साधा चार्जर भरलेल्या बॅटरीतही करंट ढकलत राहतो, पाणी उडून जातं आणि प्लेटा उघड्या पडतात. मेंटेनर बॅटरी भरली की १३.२ ते १३.६ व्होल्टच्या आसपास थांबतो आणि लागेल तेवढंच देतो. बॅटरी एजीएम जातीची (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेली, बंद) असेल तर मेंटेनरवर तो पर्याय निवडा. लाल चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या बोल्टला. वीज सगळ्यात शेवटी चालू करायची. वायर बॉनेटच्या कडेखाली चेपली जाऊ देऊ नका. पुढच्या जाळीतून किंवा रबराच्या कोपऱ्यातून काढा. आणि मेंटेनर गाडीवर, कव्हरखाली किंवा गादीवर न ठेवता भिंतीला टांगा, त्याला हवा लागते.

मेंटेनर नको असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल काढा. दहा नंबरचा पाना पुरतो. आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना निगेटिव्ह शेवटी. सुटी केलेली भरलेली बॅटरी थंड जागेत उलट जास्त टिकते, घराच्या उबेत ती लवकर उतरते. दीड-दोन महिन्यांनी मीटर लावा. चार्ज केल्यावर काही तास थांबून मोजलेला आकडा खरा: १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खाली जाऊ देऊ नका.

केबल काढणार असाल तर आधी रेडिओचा कोड हाताशी आहे का बघा, आणि दाराच्या कुलपात लोखंडी किल्ली खरोखर फिरते का तेही. रिमोटची सवय झाली की ते कुलूप वर्षानुवर्षं फिरवलेलं नसतं आणि आतून अडकतं. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेवरच उघडत असेल, तर केबल काढल्यावर डिकी लावूच नका. केबल परत जोडल्यावर काचांची एका दाबात वर-खाली होण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते, आयडलिंग थोडा वेळ अस्थिर राहतं, आणि प्रदूषणाच्या स्वयंचाचण्या शून्यापासून सुरू होतात. त्यामुळे लगेच तपासणीला जाऊ नका, आधी काही दिवस गाडी चालवा.

किल्ली खिशात ठेवून उघडणारी गाडी असेल तर किल्ली गॅरेजच्या भिंतीवर टांगू नका. काही गाड्या किल्ली जवळ जाणवली की जाग्या होतात आणि बॅटरी खातात.

जुना कार्ब्युरेटर

एक भर. दर पंधरा दिवसांनी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं की सील सुकत नाहीत, ऑइल वर चढतं आणि बॅटरीही भरते. शिवाय गाडी चार स्टँडवर उचलून ठेवा, टायरवर भारच नको. आम्ही वर्षानुवर्षं हेच पाळत आलो आहोत.

दहा नंबरचा पाना

ही पद्धत सर्रास पाळली जाते हे खरं, पण दहा मिनिटांच्या आयडलिंगने उपायापेक्षा अपायच जास्त होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गरम असतील तर ते वाफ होऊन निघून जातं. थंडीत दहा मिनिटांत कूलंटचा काटा वर येईलही, पण ऑइल तोवर कोमटच असतं आणि मागचा सायलेन्सर तर थंडगार. पाणी तिथेच साठतं. ऑइल भरायचं झाकण उघडून खालून बघा, पिवळसर दुधाळ मलई दिसली तर हेच घडलेलं असतं. थंड इंजिनात पेट्रोलही जास्त सुटतं, ते सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. आपण मुद्दाम बदललेलं ताजं ऑइल महिन्याभरात खराब करून ठेवतो.

बॅटरीचा फायदाही नाममात्र. सेल्फ मारताना गेलेलं भरून निघतं न निघतं, तोवर इंजिन बंद.

आणि हे घराला लागून असलेलं गॅरेज आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. शटर उघडं असलं तरी तो दाराच्या फटींतून घरात शिरतो आणि रेंगाळतो. तिथे इंजिन चालू ठेवून उभं राहणं जिवाशी खेळ आहे. गॅरेजला लागलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, रोजच्या गाडीसाठीसुद्धा.

मीठ नसलेला कोरडा रस्ता मध्येच मिळाला आणि अर्धा-पाऊण तास सलग चालवता आली, तर जरूर चालवा. ते जमणार नसेल तर इंजिनला हात लावू नका. पाच महिन्यांत सील सुकत नाहीत.

ओलसर भिंत

गॅरेजच्या हवेबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते पत्रा टिकणार की नाही ते तिथेच ठरतं.

उणे १० अंशांच्या हवेत वाफ अगदी थोडी असते, त्या आठवड्यांची काळजी नको. वाईट दिवस ते, जेव्हा बाहेर अचानक ऊब येते. बाहेरची हवा १० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर ती साधारण ७ अंशांच्या पत्र्यावरही दव धरते. तुमची गाडी त्या वेळी एक-दोन अंशांवर असते. शटर उघडून 'जरा हवा खेळू दे' म्हटलंत की पाच मिनिटांत डिस्क, इंजिन, पत्र्याची आतली बाजू, सगळ्याला घाम फुटतो. अशा दिवसांत गॅरेज बंद ठेवा, गाडीला हळूहळू त्या तापमानाला येऊ द्या, आत एक साधा पंखा फिरता ठेवा. हवा खेळवायची ती थंड, कोरड्या दिवशी. एक आर्द्रतामापक भिंतीला लावा. आकडा ६० टक्क्यांच्या वर राहू लागला की गंजाचा वेग वाढतो, ७० च्या वर बुरशीला आमंत्रण.

शेजारची गाडी हा तुमच्या गॅरेजमधला सगळ्यात मोठा पाण्याचा स्रोत आहे. तिच्या कमानींतला बर्फ आत आणायच्या आधी बाहेरच झाडून टाका. तिच्याखाली उंच कडांची रबरी चटई घाला, खारं पाणी तिच्यात साठतं आणि उचलून बाहेर टाकता येतं. तसंच खाली सोडलं तर ते काँक्रीटवरून तुमच्या गाडीखाली जाऊन सुकतं, आणि पुन्हा ओल आली की पुन्हा जागं होतं.

काँक्रीटही ओल सोडतं. अर्धा मीटर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खालून थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली असेल, तर गाडी लावायच्या आधी अख्ख्या जागेवर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा आणि त्यावर गाडी घ्या.

ओल शोषणारं यंत्र घेणार असाल तर कॉम्प्रेसरवालं घेऊ नका. गारव्यात त्याचं काम मंदावतं आणि शून्याजवळ त्याच्या नळ्यांवर बर्फच धरतो. थंड जागेसाठी शोषक चक्र असलेलं यंत्र वेगळं मिळतं. गाडीच्या आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. एक किलो जेल पाव किलोच्या आसपास पाणी धरतं, ११०-१२० अंशांवर काही तास तापवलं की पुन्हा कोरडं होतं. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र गाडीत अजिबात नकोत. ते पाणी झपाट्याने ओढतात खरं, पण डब्यात तयार होतो तो खारा द्रव, आणि तो गालिच्यावर सांडला की तिथे कायमची ओल धरते आणि खालचा पत्रा खातो.

कव्हर कापडाचंच, श्वास घेणारं. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली दव अडकतं. आणि कव्हर टाकायच्या आधी रंग धूळरहित हवा, नाहीतर तीच धूळ रंग घासते.

आता उंदीर. घरातला उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतूनही घुसतो. म्हणून आधी गॅरेज बुजवा: शटरच्या खालचं रबर, पाइप भिंतीतून येतात ती भोकं. मग गाडी. एअर फिल्टरच्या नळीचं तोंड आणि सायलेन्सरचं टोक भांडी घासायच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या घासणीने बंद करा. साधं स्टील वूल गंजतं आणि त्याचे कण सुटतात. घासणी इतकीच आत सारा की बोटांनी सहज निघेल, आणि तिला लाल फीत बांधून ती बाहेर लोंबती ठेवा. काय काय बंद केलं आहे त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. गाडी दुसऱ्याच कोणी चालू केली तर ती चिठ्ठीच इंजिन वाचवते.

गाडी बंद करताना हवेचं बटण आतली हवा फिरवण्यावर ठेवा. बहुतेक गाड्यांत बाहेरच्या हवेची झडप तशीच बंद राहते आणि केबिन फिल्टरकडची वाट अडते. त्या फिल्टरवर उंदीर हटकून घरटं करतात, मऊ असतो आणि वाऱ्यापासून आडोसा असतो. गाडीतून खाण्याचा कणही उरू देऊ नका, रुमाल आणि कागदी टिश्यूसुद्धा काढा. तेच घरट्याचं सामान. चाप लावायचे ते गाडीत नाही, भिंतीच्या कडेने, कारण उंदीर कडेकडेने धावतात. विष ठेवू नका: तो हीटरच्या नळीत जाऊन मेला तर अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांची वाफ आपल्यालाच घातक, आणि सीटच्या फोममधून तो वास महिनोन्‌महिने जात नाही. आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन बॉनेट उघडा. बॅटरीवर किंवा इंजिनच्या झाकणावर लेंड्या दिसल्या की वायरिंगची पाळी येण्याआधीच कळतं.

काचा किंचित उघड्या ठेवाव्यात असंही सांगतात. उंदरांची शक्यता असेल तिथे काचा पूर्ण बंदच ठेवा आणि आतल्या ओलीसाठी सिलिका जेलवर भिस्त ठेवा.

पाचवा गिअर

इतक्या तपशिलात लिहिलंत, मनापासून आभार. मेंटेनर लावायचं ठरलं, इंजिन मध्ये चालू करणार नाही. आता टायर, हँडब्रेक आणि स्टँड एवढंच राहिलं. क्लचचं पेडल लाकूड लावून दाबून ठेवावं असंही वाचलं, ते करावं का?

ड्रम आणि डिस्क

हँडब्रेक लावू नका. ड्रममध्ये ब्रेकचे शू (ड्रमला आतून दाबणारे कमानदार तुकडे) दाबलेले राहिले की त्यांच्या आणि ड्रमच्या मध्ये गंज धरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. जबरदस्तीने गाडी ओढली तर अस्तर शूपासून सुटून ड्रमलाच चिकटून राहतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि एका चाकाला पुढून-मागून लाकडी पाचरी लावा. शेवटच्या फेरीत परत येताना मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाला हँडब्रेक दोन-तीनदा हलकाच ओढा, म्हणजे ड्रम आतून तापून कोरडे होतात. पायाचे ब्रेकही पाच-सहा वेळा नीट दाबा. (इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करताच तो आपोआप लागतो. तो लागू न देण्याची रीत प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत वेगळी असते, ती आधी वाचा.)

ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. दोन वर्षं झाली असतील तर लावून ठेवायच्या आधीच बदला, नाहीतर ते पाणी हिवाळाभर कॅलिपरच्या आणि चाकातल्या सिलेंडरच्या भिंती खातं.

टायरमध्ये हवा जास्त भरा. नेहमी २.२ बार असेल तर ३ बार चालेल, फक्त टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. १५ अंशांना ३ बार भरलेली हवा उणे १० ला साधारण २.६५ वर येते, शिवाय महिन्याला थोडी निसटतेच. मर्यादा बघून जास्त भरायची ती यासाठीच. भार एकाच जागी राहिल्याने पडणारा चपटेपणा त्याने कमी होतो. टायरखाली जाड फोमचा किंवा प्लायचा तुकडा ठेवलात तर थंड काँक्रीटशी संपर्कही तुटतो.

उन्हाळी टायरची एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. काही हाय-परफॉर्मन्स उन्हाळी टायरचं रबर उणे ७ अंशांच्या खाली इतकं कडक होतं की टायर वळला-दबला तर त्याला चिरा जातात. म्हणून 'चपटेपणा नको' म्हणून भर थंडीत गाडी फूटभर पुढे-मागे ढकलण्याचा उद्योग करू नका. हलवायचीच तर ऊब असलेल्या दिवशी. टायरवर चकाकीचं तेलकट पॉलिशही लावू नका. त्यातली काही द्रावणं रबरातला चिरा रोखणारा घटक बाहेर ओढतात.

स्टँडबद्दल: पाच महिन्यांसाठी गरज नाही. गाडी बॉडीखाली स्टँड लावून उचलली की सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबतं, रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि शॉक ॲब्सॉर्बरचे चकचकीत दांडे नेहमीपेक्षा जास्त उघडे पडून गंजाला मोकळे होतात. खरोखर उचलायचीच असेल, वर्षभरासाठी वगैरे, तर स्टँड खालच्या आर्मखाली किंवा मागच्या ॲक्सलखाली लावा, म्हणजे सस्पेन्शनवर वजन राहतं. नुसत्या जॅकवर गाडी कधीच सोडू नका.

क्लचचं पेडल दाबून ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटू नये हा त्यामागचा हेतू, पण महिनोन्‌महिने स्प्रिंग दबलेली राहते आणि हायड्रॉलिक सिलेंडरच्या सीलवर दाब राहतो. त्यापेक्षा आठवड्याला बॉनेट उघडाल तेव्हा इंजिन बंद ठेवूनच पेडल दहा-बारा वेळा पूर्ण दाबा. तेवढं पुरतं. ब्रेकचं पेडलही दोनदा दाबलंत तरी बरं.

रिकामी डिकी

याच धाग्यात विचारतो: इलेक्ट्रिक गाडी अशीच उभी ठेवायची असेल तर पूर्ण चार्ज करून ठेवावी का?

व्होल्टमीटर

नाही. मोठी लिथियम बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. पूर्ण भरलेल्या अवस्थेत ती लवकर म्हातारी होते, आणि अगदी तळाशी ठेवली तर स्वतःहून उतरत धोकादायक पातळीखाली जाते. कॅमेऱ्यांची पहारा यंत्रणा बंद करा आणि ॲप उघडून सारखी गाडी बघू नका. प्रत्येक वेळी ती जागी होते. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते, आणि ती उतरली तर मोठी निम्मी भरलेली असूनही दार उघडत नाही. गाडी त्या छोट्या बॅटरीला मोठीतून आपोआप चार्ज करते की नाही हे मॉडेलवर ठरतं. पुस्तिकेत 'दीर्घकाळ न वापरणे' हा भाग असतो, चार्जर लावून ठेवायचा की काढायचा ते तिथे सांगितलेलं असतं.

दहा नंबरचा पाना

बाहेर काढण्याबद्दलही लिहून ठेवतो, तेव्हा हा धागा शोधत बसायला नको.

किल्ली हातात घ्यायच्या आधी चिठ्ठी वाचा आणि सगळ्या घासण्या काढा. एअर फिल्टरचा डबा उघडून आत घरटं नाही ना बघा, केबिन फिल्टरही. खाली जमिनीवर डाग आहेत का, कुठल्या रंगाचे, ते पाहा. ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइडची पातळी तपासा. टायरची हवा नेहमीच्या दाबावर आणा. मेंटेनरची वीज बंद करूनच चिमटे काढा.

गिअर न्यूट्रलमध्ये टाका, पाचरी काढा आणि शक्य असेल तर गाडी ढकलून बाहेर घ्या, तिथेच चालू करा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला की सेल्फ मारताना पेट्रोल सुटत नाही. तसं करून पाच-सहा सेकंद इंजिन नुसतं फिरवा, ऑइल वरपर्यंत चढेल. मग पाय काढा आणि नेहमीसारखी चालू करा. ऑइलचा दिवा लगेच विझला पाहिजे. विझला नाही तर तत्काळ बंद. रेस देऊ नका. अर्धा मिनिट आयडलिंग झालं की हळू चालवत निघा, उभ्या उभ्या गरम करत बसू नका. सायलेन्सरमधून सुरुवातीला पाणी ठिबकेल, ते नेहमीचंच.

क्लच दाबूनही गिअर कुरकुरत असेल किंवा पडतच नसेल तर प्लेट चिकटली आहे. तिथे गिअरबॉक्सशी झटापट करू नका. इंजिन न्यूट्रलमध्ये गरम होऊ द्या आणि पेडल पुन्हा पुन्हा दाबून बघा. पुष्कळदा तेवढ्यावर सुटते.

पहिल्या काही ब्रेकांना खरखर येईल, डिस्कवरचा तांबूस थर घासला जातो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून दहा-पंधरा वेळा हलके-मध्यम ब्रेक मारले की तो जातो. त्यानंतरही ब्रेक दाबताना पेडल पायाखाली धडधडत राहिलं, तर पॅड जिथे टेकलेला होता तिथे डिस्कवर गंजाचा खड्डा पडलाय. ती डिस्क उतरवून जाडी मोजून घ्या. स्टिअरिंगची थरथर मात्र वेगळी. ती टायरच्या चपटेपणाची असते आणि टायर गरम झाले की वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये ओसरते. ओसरली नाही तर चाकं बॅलन्सिंगला न्या आणि टायरची आतली बाजूही तपासून घ्या.